मुठीतली मजुरी

समुद्राच्या काठी वसलेल्या एका गावाची ही गोष्ट आहे. ती कधी घडली ते मला विचारू नका, कारण ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. त्या काळी पैसा कमी होता, मासळी पुष्कळ होती आणि माणसं साधारण आजच्यासारखीच होती, एवढं कळलं तरी पुरे.

त्या गावात एक मालक होता. मालक म्हणजे गावातल्या एकुलत्या एका रापणीचा मालक. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत जायचं आणि त्याच्या दोन टोकांचे दोन लांब दोर किनाऱ्यावर आणायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही दोरांवर गावातली बायकापुरुष मंडळी रांगेने उभी राहायची आणि तांडेल हाक देईल तशी ओढायची. तांडेल म्हणजे त्या सगळ्यांचा म्होरक्या. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकायच्या आणि शेवटी जाळ्याची मधली झोळी मासळीसकट वाळूवर यायची.

हे सांगायला सोपं आहे, ओढायला नाही. दोन्ही दोर सारखे ओढले गेले पाहिजेत. एक बाजू पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली, तर पाण्यात जाळं तिरकं होतं. वरून काहीच दिसत नाही. पण मासळीला तेवढी फट पुरते.

आता या मालकाबद्दल. तो दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याला मिशा लावून मोकळे व्हाल. त्याला प्रश्न फार पडायचे, एवढंच. खेकडा तिरका का चालतो? शिंपलीला झोप लागते का? भरतीला रोज उशीर का होतो? लहानपणापासून तो असं काहीबाही विचारत आला होता. वडील गेले, रापण त्याच्या हातात आली, तरी सवय सुटली नाही. चांगलीच सवय आहे ती. फक्त एक खोड त्याच्यात होती. तो प्रश्न स्वतःला विचारायचा आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायचा. पडवीतल्या झोपाळ्यावर बसून हे सगळं व्हायचं, त्यामुळे त्याचे पाय कधी ओले होत नसत.

गावात एक जुनी रीत होती. रापण ओढून झाली, मासळी टोपल्यांत गेली, की वाळूवर एक फाटकं शीड अंथरायचे. मालकाकडून आलेली मजुरी त्या शिडावर ओतायची आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. ओढणाऱ्या प्रत्येकाला सारखा वाटा, तांडेलाला थोडा जास्त, आणि जो आजारी म्हणून आला नसेल त्याच्या घरी थोडंसं. कुणाला किती मिळालं ते सगळ्यांना दिसायचं. वाटे झाल्यावरही कुणी लगेच उठत नसे. कुणाचं कुणाशी वाजलं असेल तर ते तिथे मिटायचं. मालकाला काही सांगायचं असेल तर ते तिथेच ठरायचं आणि तांडेल जाऊन सांगायचा. याला ते 'शिडावर बसणं' म्हणत.

एका वर्षी बाजारात मासळीचा भाव चढला. पण दोर ओढणाऱ्यांची मजुरी मात्र मालकाच्या वडिलांच्या वेळची होती, तेवढीच राहिली. शिडावर बसून बोलणं झालं आणि तांडेल पडवीत गेला. भाव चढला आहे तर मजुरीही थोडी चढावी, असं सगळ्यांचं म्हणणं आहे, असं त्याने नम्रपणे सांगितलं.

मालकाला राग आला नाही. त्याला कुतूहल वाटलं. हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं, असं त्याने विचारलं.

"कुणा एकाच्या नाही," तांडेल म्हणाला. "शिडावर ठरलं."

मालकाने तीनचार तऱ्हांनी विचारून पाहिलं. आधी कोण बोललं? मग कोण? नाही कोण म्हणालं? तांडेल प्रत्येक वेळी तेच सांगत राहिला आणि शेवटी हात जोडून निघून गेला.

मालक झोपाळ्यावर विचार करत बसला. माणसं एकेक करून आली असती तर प्रत्येकाला काहीतरी सांगून परत पाठवता आलं असतं. पण हे सगळे एका तोंडाने बोलतात, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचं माहीत असतं. मग कुणालाच कुणाचं माहीत नसलं तर काय होईल? हा प्रश्न त्याला इतका आवडला की उत्तर बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी त्याने शीड उचलून कोठारात ठेवायला लावलं. मजुरी आता पडवीच्या मागच्या दाराशी मिळेल, एकेकाने यायचं, असा निरोप गेला. जो येईल त्याच्या हातावर मालक स्वतः नाणी ठेवायचा, त्याची मूठ आपल्या हाताने मिटायचा आणि हळूच म्हणायचा, "तुझं काम मी बघतो. तुला इतरांपेक्षा जास्त देतोय. कुणाला सांगू नकोस, उगाच त्यांना वाईट वाटेल."

हे तो प्रत्येकाला म्हणाला. शब्दही तेच. काहींना त्याने खरंच थोडं जास्त दिलं होतं. बाकीच्या बऱ्याच जणांना पूर्वीपेक्षा कमी.

तुम्हाला वाटेल, लोकांनी लगेच ओळखलं असेल. नाही ओळखलं. आपल्याला इतरांपेक्षा जास्त मिळतं हे ऐकायला इतकं गोड लागतं, की मग किती मिळतं ते माणूस नीट मोजतसुद्धा नाही. प्रत्येक जण मूठ मिटून, मनातल्या मनात हसत घरी गेला. वाळूवर संध्याकाळी जमायचं बंद झालं. मजुरी वाढवून मागायला कुणी आलं नाही. मालकाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि ते त्याला फार आवडलं.

पण कुतूहल हे काही एकट्या मालकाच्या मालकीचं नव्हतं.

गावात आता प्रत्येकाला दुसऱ्याच्या मुठीत काय आहे ते जाणून घ्यायचं होतं. विचारायची सोय नव्हती, म्हणून लोक अंदाज बांधू लागले. अमक्याच्या घरून तळणीचा वास आला, म्हणजे त्याला बरंच मिळत असणार. तमकीच्या हातात नव्या बांगड्या कुठून आल्या? डाव्या दोरावरच्यांना वाटू लागलं की उजव्या दोरावरच्यांची चैन आहे. उजव्या दोरावरच्यांना उलट वाटू लागलं. जे आपल्याला जास्त मिळतं म्हणून खूश होते, तेही धास्तावले. कुणाला कळलं तर? म्हणून ते खाली मान घालून चालू लागले.

उजव्या दोरावर सगळ्यांत पुढे, कमरेइतक्या पाण्यात, एक बाई उभी असायची. गाव तिला 'आघाडीची' म्हणायचं. तिचा नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता. तेव्हापासून दोरावरची ती पुढची जागा एवढाच तिला आधार होता. ती जागा गेली तर त्या गावात दुसरं काम नव्हतं. बाई तशी भारी चौकस होती. झाकण दिसलं की उचलून बघणार, अशी तिची ख्याती होती.

डाव्या दोरावर तिची जाऊ होती. दोघींची घरं लागून, मध्ये एकच अंगण. आघाडीची विधवा झाली तेव्हा कितीतरी महिने ती या जावेच्याच घरी जेवली होती. जावेचा नवरा पाठ धरल्याने घरात पडून असे, आणि तीन पोरांचं तिलाच बघावं लागे. तरी तिने कधी ताट वाढताना हात आखडला नव्हता. पुढे आघाडीची दोरावर उभी राहू लागली आणि मग कधी मीठ, कधी तेल, कधी निखारे असं दोघींचं देणंघेणं सुरूच राहिलं. मोजदाद कुणीच ठेवली नाही.

मुठीतली मजुरी सुरू झाल्यावर जाऊ अंगणात यायची बंद झाली.

आघाडीचीला आधी वाटलं, बरं नसेल. मग तिच्या लक्षात आलं, की जावेच्या घराच्या कौलांतून संध्याकाळचा धूर येत नाही. तिने जाऊन विचारलं. जाऊ दारातच उभी राहिली. आमचं आज लवकर आटोपलं, म्हणाली. दुसऱ्या वेळी म्हणाली, पोरांना भूक नव्हती. तीन पोरांना एकदमच भूक नाही, हे कसं? आघाडीचीला ते पटलं नाही. पण पुढे काही विचारायला तिची जीभ उचलली नाही. तिला स्वतःला पूर्वीपेक्षा जास्त मिळत होतं. जावेला थोडं द्यावं तर ती विचारणार, कुठून आलं? आणि सांगावं तर जावेला वाटणार, ही मालकाला मिळाली. त्यामुळे ती परत आली आणि आपल्या चुलीपाशी बसून एकटीच जेवली. तो घास तिला गोड लागला नाही, हे सांगायला नको.

इकडे रापणीचं काहीतरी बिनसलं होतं. तांडेल पूर्वीसारखीच हाक द्यायचा, पण उत्तर विस्कळीत यायचं. ज्याला वाटायचं आपल्याला कमी मिळतं, तो म्हणायचा मी कशाला जीव काढू. ज्याला वाटायचं आपल्याला जास्त मिळतं, त्याचं अर्धं लक्ष शेजाऱ्याच्या तोंडाकडे असायचं. दोर कधी डावा पुढे, कधी उजवा. वाळूवर झोळी यायची ती निम्मी रिकामी. समुद्रात तर मासळी होती. पक्षी सकाळपासून पाण्यावर सूर मारत होते.

मालकाला नवा प्रश्न पडला. मासळी जाते कुठे?

त्याने कसून शोध घेतला, हे मान्य करायला हवं. जाळ्याला भोक असेल म्हणून जाळं वाळूवर पसरून इंच न् इंच तपासलं. भोक नव्हतं. दोर जुने झाले असतील म्हणून नवे दोर आणले. जाळ्याच्या तळाला आणखी वजन बांधलं. चांगला मुहूर्त बघून समुद्राला नारळ दिला. एकदा तर तो होडीत बसून गेला आणि काठावर ओणवा होऊन पाण्यात बघत राहिला. त्याला आपलाच चेहरा दिसला आणि नंतर मळमळू लागलं. तो परत आला तो पुन्हा झोपाळ्यावर.

शेवटी त्याने उत्तर काढलं. कुणीतरी दोर ढिला सोडतंय. कोण ते शोधलं की झालं.

त्याने आघाडीचीला बोलावलं, कारण तिची नजर सगळीकडे असते हे त्यालाही माहीत होतं. दोरावर कोण अंगचोरपणा करतं ते बघून सांग, असं तो म्हणाला. सांगितलंस तर तांडेलाइतका वाटा देईन. नाही सांगितलंस तर तू त्यांच्यातलीच आहेस असं मी समजेन, आणि मग त्या जागेवर दुसरं कुणी उभं राहील. हे त्याने आवाज न चढवता, अगदी समजावून सांगितलं. वर तिच्या हातावर त्या दिवशीची मजुरी ठेवून मूठ मिटली आणि म्हणाला, "तुला इतरांपेक्षा जास्त देतोय."

ती मागच्या दारातून बाहेर आली. बाहेर रांग होती. एकाच्या मागे एक, सगळे जमिनीकडे बघत उभे. रांगेत तिची जाऊही होती. आघाडीचीने तिच्याकडे पाहिलं. जावेने तोंड फिरवलं, पण तेवढ्यात आघाडीचीला तिच्या मनगटाची हाडं दिसली.

कोण दोर ढिला सोडतं ते आघाडीचीला पक्कं ठाऊक होतं. सगळेच सोडत होते, आणि ती स्वतःही. पण तिला खरं तर वेगळंच जाणून घ्यायचं होतं आणि ते विचारायचा एकच मार्ग होता.

पूर्वी जिथे शीड अंथरत, तिथे वाळूवर ती जाऊन बसली. मूठ उघडली आणि नाणी समोर ठेवली.

"मला नऊ मिळाली," ती रांगेकडे बघून म्हणाली. "तुम्हाला?"

मघाशी जमिनीकडे बघणारे आता तिच्याकडे बघत होते. तांडेल जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मूठ मीट, बाय. घरी जा." तिने मूठ मिटली नाही. एकेक जण आपली मजुरी घेऊन बाहेर आला, वाळूवरच्या नाण्यांकडे बघून चालता झाला. जाऊ बाहेर आली. तिने नाण्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि तीही निघून गेली. मग मालकाचा नोकर निरोप घेऊन आला. उद्यापासून तू दोरावर येऊ नकोस.

तर आघाडीचीला हे मिळालं. तिने सगळ्यांसमोर मूठ उघडली आणि हातात काय आलं तर काम गेलं. गोष्टीत अशा वेळी लगेच सगळे धावून येतात. खरं सांगायचं तर लगेच कुणी येत नाही. माणसाला घाबरायला वेळ लागत नाही, घाबरणं संपायला मात्र लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथेच जाऊन बसली. दुसरीकडे जायचं कुठे?

आणि त्याच सकाळी खाडीच्या तोंडाशी पाण्याचा रंग बदलला. बांगडा मासळीचा एवढा मोठा थवा त्या वर्षात कुणी पाहिला नव्हता. गावभर आरोळी गेली. होडी निघाली, जाळं पाण्यात गेलं, दोन्ही दोर किनाऱ्यावर आले, माणसं रांगेत उभी राहिली. उजव्या दोरावर पुढची जागा रिकामी होती. तांडेलाने तिच्यामागच्या माणसाला पुढे व्हायला सांगितलं.

तो माणूस हलला नाही. "जागा तिची आहे," म्हणाला.

तांडेलाने त्याच्यामागच्याला सांगितलं. तोही आपल्या पायांकडे बघत राहिला. मग डाव्या दोरावर कुणीतरी दोर सोडला. ती जाऊ होती. सगळ्यांच्या देखत ती वाळू तुडवत उजवीकडे आली आणि आघाडीचीच्या समोर बसली. पदराची गाठ सोडायला तिला वेळ लागला. आत आदल्या दिवशीची नाणी होती. पाच.

"मला म्हणाले, तुला सगळ्यांपेक्षा जास्त देतो," ती म्हणाली. "मला वाटायचं, एवढं मिळूनही पोरांना पुरत नाही, म्हणजे माझ्याच हाताला भोक आहे. लाज वाटायची गो तुझ्याकडे मागायला."

आघाडीचीने तिचे हात धरले. जाऊ रडू लागली आणि मग तीही रडली. एवढ्या महिन्यांचं रडणं होतं ते.

तांडेलाने डोक्याचं मुंडासं सोडलं आणि वाळूवर अंथरलं. आधी त्याने स्वतःची नाणी त्यावर ठेवली. मग एकेक करून बाकीचे आले. दोन माणसांची मजुरी सारखी निघेना. ज्याच्या घरून तळणीचा वास यायचा त्याला सगळ्यांत कमी मिळत होतं. तो पोरांना खेकडे पकडून आणून तळून घालायचा. नव्या बांगड्यावालीला त्या तिच्या आईने दिल्या होत्या. कुणीतरी हसलं आणि मग बरेच जण हसले. थोड्या वेळाने हसू ओसरलं, कारण सगळ्यांची मिळून रास पूर्वी शिडावर ओतली जायची त्यापेक्षा लहान होती.

मग ते बोलू लागले. भांडलेसुद्धा. कुणी कुणाबद्दल काय काय मनात धरलं होतं ते सगळं बाहेर पडलं. समुद्रात जाळं तसंच होतं, आत बांगडे उसळत होते आणि दोन्ही दोर वाळूवर पडले होते.

मालक धावत आला. त्याचे पाय त्या दिवशी पहिल्यांदा ओले झाले. मासळी निघून चालली आहे, दोर धरा, असं तो सांगत सुटला. कुणी उठलं नाही. मजुरी सगळ्यांसमोर आणि न्यायाने ठरल्याशिवाय दोर धरायचा नाही, असं ठरलं आहे, तांडेल म्हणाला. कुणी ठरवलं, मालकाने विचारलं. तांडेलाने वाळूवरच्या मुंडाशाकडे हात केला.

मालकाला प्रथमच घाम फुटला. त्याने आपला आचारी, माळी, मुनीम आणि घरातले नोकर बोलावले. आचारी आणि माळी वगैरे मंडळी डाव्या दोरावर, मुनीम आणि मालक स्वतः उजव्या दोरावर. ओढा, तो म्हणाला. त्यांनी ओढलं. डावीकडे तगडी माणसं होती, त्यांचा दोर आला. उजवीकडे मुनीम होता. मालकाने जोर लावला तशी नव्या दोराने त्याच्या तळहाताची सालं काढली. आणि मग त्याने समोर पाहिलं. जाळ्याचे वरचे तरंगते लाकडी ठोकळे डावीकडून किनाऱ्याकडे आले होते, उजवीकडचे मागेच होते, आणि त्या तिरक्या तोंडातून बांगडे चकाकत बाहेर पडत होते. घाई न करता, जत्रेतून घरी निघावं तसे.

मालकाने दोर सोडला आणि नुसता बघत राहिला. इतके दिवस झोपाळ्यावर बसून न मिळालेलं उत्तर त्याच्या डोळ्यांसमोरून पोहत चाललं होतं.

"रोज असंच होत होतं?" त्याने विचारलं.

"रोज," तांडेल म्हणाला.

"मग मला सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार, मालक? एकेकटा माणूस सांगायला घाबरतो. सगळ्यांनी मिळून सांगायला जिथे बसायचो, ती जागा तुम्ही कोठारात टाकलीत."

मालक वाळूवर बसला. दुसरं काही बसायला नव्हतंच. त्याने घासाघीस केली नाही असं समजू नका. केली, आणि बरीच केली. त्यांनीही केली. बोलणं चाललं होतं तेवढ्या वेळात आणखी मासळी गेली, आणि ते दोन्ही बाजूंना दिसत होतं. शेवटी ठरलं. बाजारात भाव चढेल तशी मजुरी चढेल. जी काही असेल ती उघड्यावर, शिडावर ओतली जाईल. शिडावर बसायला मालक कधी मनाई करणार नाही, आणि तिथे जो बोलेल त्याला बोलण्याबद्दल कामावरून काढणार नाही. आघाडीची आपल्या जागी परत येईल. ही शेवटची गोष्ट जावेने घालायला लावली आणि त्यावर तिने घासाघीस होऊ दिली नाही.

मग सगळे उठले. आघाडीची कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. तांडेलाने हाक दिली आणि दोन्ही रांगांतून एकच उत्तर आलं. झोळी सरळ आली. थव्यातला मोठा भाग निघून गेला होता, तो काही परत आला नाही. जे जाळ्यात उरलं होतं, तेवढं वाळूवर आलं. त्यातून नवी मजुरी वजा केली, तरी मालकाच्या हाती गेले कित्येक दिवस मिळत होतं त्याहून जास्त उरलं. यावर तो बराच वेळ विचार करत राहिला असावा, असं मला वाटतं.

संध्याकाळ होत आली तरी त्याच्या मनात एक प्रश्न उरलाच होता. स्वभाव जात नाही. टोपल्या निघून गेल्यावर तो आघाडीचीपाशी आला. या वेळी मात्र तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा झाला नाही.

"तुला खरंच इतरांपेक्षा जास्त मिळत होतं," तो म्हणाला. "गप्प राहिली असतीस तर आणखी मिळालं असतं. मूठ उघडून तुझा काय फायदा होणार होता, ते मला अजून कळलेलं नाही."

आघाडीची ओल्या लुगड्याचा काठ पिळत होती. ती थांबली.

"मला किती मिळतं ते मला माहीत होतं, मालक. तिला किती मिळतं ते माहीत नव्हतं. म्हणून मी तिच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. जिने मला नवरा गेल्यावर जेवू घातलं, तिची पोरं भिंतीपलीकडे उपाशी निजायची आणि मी तुमची नऊ नाणी घेऊन अलीकडे एकटी जेवायचे. ते मला जास्त मिळालेलं होतं असं तुम्ही म्हणता."

मालकाने आयुष्यात पहिल्यांदाच पुढचा प्रश्न विचारला नाही.

पोरांनो, आणि पोरांच्या आईबापांनो, या गोष्टीचं तात्पर्य मनात ठेवायचं ते हे: ज्यांच्या हातांवर आपलं जाळं चालतं त्यांची मजुरी न्यायाची आणि उजेडातली असावी, आणि त्यांना एकत्र बसून बोलता यावं, कारण माणसं एकेकटी पाडून वाचवलेला पैसा हा कुणाच्या तरी भुकेतून आलेला असतो, आणि अशा पैशावर कुणाचंच जाळं सरळ येत नाही.